बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी भागात लायलॅक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या भागात लायलॅकची चौकशी करणारे बहुतेक लोक दोन प्रकारच्या घरांतले असतात. एक, ज्यांच्या घरातला कुणी फौजेत होता. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्यामुळे खानापूर-चंदगडकडच्या गावागावांत असे लोक आहेत, आणि काश्मीर-हिमाचलात असताना त्यांनी हे झाड बहरलेलं पाहिलेलं असतं. दुसरी घरं म्हणजे ज्यांची मुलं-सुना परदेशी आहेत. एप्रिल-मे महिन्यात तिकडून फोटो येतो, जांभळ्या तुऱ्यांनी वाकलेलं झुडूप दिसतं, आणि "आई, याचा वास तुला पाठवता आला असता तर" असं लिहिलेलं असतं. मग प्रश्न सुरू होतात. त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

लायलॅक म्हणजे नेमकं कोणतं झाड?

सिरिंगा व्हल्गॅरिस. मूळचं युरोपातल्या बाल्कन डोंगरांतलं, खडकाळ उतारावर वाढणारं. दहा-पंधरा फुटांचं झुडूप, समोरासमोर येणारी पिंपळपानासारखी पण लहान पानं, आणि फांदीच्या टोकाला चार पाकळ्यांच्या बारीक फुलांचे दाट तुरे. सोळाव्या शतकात ते तुर्कस्तानातून व्हिएन्नाकडे गेलं आणि तिथून पश्चिम युरोपभर पसरलं. पुढे फ्रान्समधल्या नान्सी गावच्या व्हिक्टर लेमोइन यांनी दुहेरी पाकळ्यांच्या अनेक जाती तयार केल्या. त्यामुळे आजही लोक त्यांना फ्रेंच लायलॅक म्हणतात.

नावाचा प्रवास मात्र आपल्या जवळून गेलेला आहे. संस्कृतातलं 'नील', त्यावरून फारसीत 'नीलक', त्याचं 'लीलक' आणि मग 'लायलॅक'. 'सिरिंगा' हा शब्द ग्रीक आहे, अर्थ पोकळ नळी किंवा पावा, कारण याच्या फांदीतला मऊ गर सहज काढून टाकता येतो. बेळगावचं जुनं नाव वेणुग्राम, म्हणजे वेळूचं गाव. वेळूच्या आणि पाव्याच्या गावाने या झाडाचा ध्यास घ्यावा, हे मला फार आवडतं.

बेळगावची थंडी सगळ्यांना माहीत आहे. गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात. ती पुरत नाही का?

नाही पुरत, आणि बाकी सगळी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लायलॅकची फुलं वसंतात उमलत असली तरी त्यांचे डोळे, म्हणजे फांदीवरच्या बंद कळ्या, आदल्या उन्हाळ्यातच तयार झालेले असतात. हिवाळ्यात पानं गळतात आणि डोळे झोपी जातात. त्यांना जागं करायला ऊब लागते, पण त्याआधी पुरेशी थंडी खाल्लेली असावी लागते. ही थंडी तासांत मोजतात. पारा साधारण ७ अंशांच्या खाली, शून्याच्या वर असेल ते तास जमेत धरायचे. लायलॅकच्या जुन्या जातींना असे हजार आणि त्याहून जास्त तास लागतात. हजार तास म्हणजे रात्रंदिवस सलग बेचाळीस दिवस फ्रिजमध्ये बसल्यासारखं.

आता आपल्याकडे पाहा. शहराची उंची साधारण ७५० मीटर. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १३-१४ अंशांवर येतो, कडाक्याच्या दिवसांत १०च्या आसपास. आपण स्वेटर घालतो, शेकोटी पेटवतो, पण झाडाच्या हिशोबात तेवढ्याने एक तासही जमा होत नाही. शिवाय दुपारी ऊन २८-२९ अंशांवर जातं. थंडी मोजायच्या काही पद्धतींत तर असे उबदार तास जमेतून वजा करतात. जांबोटी, कणकुंबीकडे हवा आणखी गार वाटते, पण तो गारवा बराचसा ओलाव्याचा असतो.

थंडी न मिळालेलं झाड मरत नाही. पानं येतात, फांद्या वाढतात, झाड हिरवंगार दिसतं. फूल येत नाही, आलंच तर चार-दोन अर्धवट. लोकांना वाटतं खत कमी पडलं. मग खत घालतात, पानं आणखी वाढतात आणि फूल आणखी लांब जातं.

तुम्ही स्वतः लावलं होतं का?

होय. हिमाचलातून आलेलं रोप टिळकवाडीत कुंडीत वाढवलं. ते चार पावसाळे जगलं. दर फेब्रुवारीत फांदीच्या टोकाला डोळ्यांची जोडी फुगायची, हिरवट जांभळी, गव्हाच्या दाण्याएवढी. मी रोज सकाळी जाऊन बघायचो. दर वेळी त्यातून पानंच निघाली. चौथ्या वर्षी श्रावणात पानं एकाएकी मलूल झाली. वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी घातलं. तीच चूक झाली. कुंडी उलटी केली तेव्हा मुळं तपकिरी पडली होती, आणि बोटात धरून ओढल्यावर उकडलेल्या शेंगेसारखं वरचं साल हातात आलं, आत पांढरा दोरा तेवढा राहिला. झाड मूळकुजीने गेलं.

तेव्हापासून मी सांगतो : आपल्या भागात फुलाला थंडी नडते, पण झाडाचा जीव घेतो तो पाऊस.

उष्ण प्रदेशासाठी वेगळ्या जाती आहेत असं वाचलं. खरं का?

खरं आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात हाच प्रश्न होता. तिथल्या डेस्कान्सो बागेसाठी वॉल्टर लॅमर्ट्स या संशोधकाने सौम्य हिवाळ्यात फुलणारी 'लॅव्हेंडर लेडी' ही जात तयार केली. तिच्या वंशातून 'एंजल व्हाइट'सारख्या आणखी जाती निघाल्या. 'ब्लू स्काइज' हीही कमी थंडीत फुलणारी म्हणून ओळखली जाते. याशिवाय 'मिस किम' नावाची ठेंगणी कोरियन जात आहे. तिचं बी १९४७ साली कोरियातून नेलं होतं. ती कुंडीला चांगली आणि भुरीला, म्हणजे पानांवरच्या पांढऱ्या बुरशीला, सहसा दाद देत नाही.

पण कॅलिफोर्नियाचा उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. आपलं बरोबर उलटं. तिकडे यशस्वी झालेली जात इथे पहिल्या ज्येष्ठ-आषाढातच अडचणीत येते. त्यामुळे 'कमी थंडीची जात' हे शब्द वाचून हुरळून जाऊ नका.

हिमालयाचाही आपला एक लायलॅक आहे, सिरिंगा इमोडी. काश्मीरपासून नेपाळपर्यंत २००० मीटरच्या वर आढळतो. 'भारतीय आहे म्हणजे इथे येईल' असं मात्र समजू नका. त्याला तर डोंगराचीच थंडी हवी.

थंडी नाही, तर तिच्याऐवजी काही करता येतं का?

ताण देता येतो. डाळिंब, मोसंबीचा बहार धरणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. कॅलिफोर्नियातले लोकही हेच करतात, शब्द वेगळा आहे इतकंच.

दसऱ्यानंतर पाऊस उघडला की पाणी हळूहळू कमी करायचं आणि दिवाळी आटोपली की जवळजवळ बंद. खत तर ऑगस्टनंतर अजिबात नाही. पानं पिवळी पडतील, कडा करपतील. घाबरू नका. फांदी नखाने खरवडून बघा, आत हिरवं आहे तोवर झाड जिवंत आहे. डिसेंबरच्या मध्यापर्यंत पानं गळली नाहीत तर हाताने काढून टाका, देठ मागे ओढू नका, डोळा सोलला जातो. कुंडी रात्री उघड्यावर ठेवा, भिंतीला चिकटून नको, कारण सिमेंटची भिंत रात्रभर ऊब सोडत राहते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात डोळे फुगताना दिसले की पाणी सुरू करा.

याने कमी थंडीच्या जातीला फुलायची संधी मिळते. जुन्या जातीवर मी वर्षं घालवणार नाही.

मुळाशी बर्फ घातला तर?

उपयोग नाही. थंडी डोळ्यांना लागते, मुळांना नाही. बर्फाने माती ओली राहते आणि ताण मोडतो.

मग अख्खी कुंडीच कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवली तर?

कल्पना शास्त्राला धरून आहे. नेदरलँड्समधल्या आल्समेर गावात लायलॅकची झुडपं मुळांसकट उपटून, थंडी खाऊ घालून, मग उबदार काचघरात ठेवतात आणि ऐन हिवाळ्यात फुलं बाजारात आणतात.

आपल्याकडे बटाट्याच्या शीतगृहात ओळख असेल तर पानं काढलेली कुंडी ४-५ अंशांत सहा ते आठ आठवडे ठेवता येईल. माती किंचित ओलसर असावी, ओली नको. ज्या खोलीत पिकलेली फळं असतील तिथे ठेवू नका. सफरचंद, केळी यांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने डोळे बिघडतात. बाहेर काढल्यावर एकदम उन्हात न नेता चार-पाच दिवस सावलीत ठेवा. दरवर्षी एवढी यातायात करायची तयारी असेल तरच या वाटेला जा.

अथणी-विजापूरकडे द्राक्षाच्या काड्यांना छाटणीनंतर औषध लावतात. ते लावून डोळे फुटतील का?

ते हायड्रोजन सायनामाइड. द्राक्षाचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतर लावतात, आणि थंडीची थोडी भरपाई ते करतं हेही खरं. पण घरच्या बागेत त्याला हात लावू नका. अंगावर पडलं तर कातडी भाजते, श्वासातून गेलं तर त्रास होतो, आणि लावणाऱ्याने त्याच्या आगेमागे दारू घेतली तर जिवावर बेतू शकतं. प्रमाण जरा चुकलं तर डोळे जळतात ते वेगळंच. एका झुडपासाठी ही जोखीम घेऊ नये, असं मी हात जोडून सांगतो.

माती कशी लागते? आमच्याकडे तांबडी आहे. / आमच्याकडे काळी आहे.

लायलॅकला आम्लधर्मी माती चालत नाही. सामू (पीएच) ६.५ ते ७.५ असावा. खानापूर, जांबोटी, बेळगाव शहराच्या पश्चिमेकडची तांबडी जांभ्याची माती आम्लाकडे झुकते, कारण पावसाने चुना धुऊन नेलेला असतो. तिथे चुनखडीची पूड किंवा चुलीतली राख वर्षातून एकदा मूठ-दोन मूठ मिसळा. पानाला लावायचा चुना टाकू नका, तो फार तीव्र असतो.

अथणी, रायबाग, गोकाककडच्या काळ्या मातीत चुना भरपूर, पण निचरा नाही. पावसात ती चिकट होऊन मुळं गुदमरतात. तिथे जमिनीत खड्डा करून लावणं म्हणजे झाडासाठी विहीर खणण्यासारखंच. दीड-दोन फूट उंच वरंबा करा, किंवा सरळ कुंडी घ्या.

कुंडीसाठी माझं मिश्रण : दोन घमेली तांबडी माती, एक घमेलं जाड वाळू किंवा विटांचा चुरा, एक घमेलं दोन वर्षांचं कुजलेलं शेणखत, मूठभर चुनखडी पूड. कुंडी अठरा इंचांची, खाली तीन भोकं, आणि दोन विटांवर उचललेली. विटा विसरू नका. फरशीवर टेकलेल्या कुंडीची भोकं चिखलाने बुजतात आणि वरून काहीच कळत नाही.

पावसाळ्यात काय करायचं?

अथणीत वर्षाला ५००-६०० मिलिमीटर पाऊस, बेळगाव शहरात १२००-१३००, आणि कणकुंबीकडे, जिथे मलप्रभा उगवते, तिथे शहराच्या दुपटीहून जास्त. एकाच जिल्ह्यात एवढा फरक असल्यामुळे सरसकट सल्ला देता येत नाही. माझ्या मते लायलॅकचा प्रयोग करायचाच असेल तर पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांनी पावसाची भीती कमी ठेवावी आणि उन्हाची जास्त. पश्चिमेकडच्यांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात कुंडी पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या छपराखाली न्यावी. छपराला बाजू नकोत, वारा खेळला पाहिजे.

गणपतीच्या सुमारास पानांवर पांढरी पूड दिसू लागते. ती भुरी. द्राक्ष, काकडी, वाटाण्यावर येते तीच जातकुळी. दिसायला वाईट, पण झाड मरत नाही. दाट फांद्या विरळ करा. फार वाढली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, तेही ढगाळ सकाळी, कडक उन्हात नाही.

छाटणी कधी?

फुलं येऊन गेल्यावर लगेच. उशिरा केली तर पुढच्या वर्षीचे डोळेच कापले जातात. फूल न येणाऱ्या झाडाला छाटणीची गरज नाही, वाळकी आणि एकमेकींवर घासणारी फांदी तेवढी काढा. रोप कलमी असेल तर कलमाच्या गाठीखालून येणारे फुटवे मात्र दिसताक्षणी तोडा, ते खुंटाचे असतात.

सफरचंद आता मैदानातसुद्धा येतंय म्हणतात. मग लायलॅक का नाही?

चांगला प्रश्न. हिमाचलातल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मा यांनी निवडलेली 'एचआरएमएन-९९' आणि इस्रायलची 'अण्णा' या जातींना फार थोडी थंडी पुरते. इंडोनेशियात बातू गावाकडे तर सफरचंदाची पानं हाताने ओरबाडून झाडाला फसवतात आणि वर्षातून दोनदा पीक घेतात. सफरचंद हे पोटापाण्याचं फळ, म्हणून त्यामागे पिढ्यान्‌पिढ्या लोक लागले. लायलॅकवर उष्ण प्रदेशासाठी तेवढं काम झालेलं नाही. पान काढायची युक्ती मी वर सांगितली, ती याच प्रकारची.

'पर्शियन लायलॅक'चं बी मागवलं, उगवलं ते कडुलिंबासारखं दिसतंय. फसलो का?

बहुधा ते बकाण निंब आहे. इंग्रजीत त्यालाही पर्शियन लायलॅक म्हणतात, आणि आपल्या कडुलिंबाला इंडियन लायलॅक म्हणतात. विकणाऱ्याने खोटं सांगितलं असेलच असं नाही, नावंच गोंधळाची आहेत. खरा पर्शियन लायलॅक हे सिरिंगाचं संकरित झुडूप, वेगळंच.

पण ते रोप उपटू नका. शेतकरी प्लायवूडसाठी हेब्बेवु लावतात, त्याचा हा भाऊ. मार्चच्या सुमारास फिकट जांभळ्या फुलांचे झुपके येतात आणि संध्याकाळी मंद गोड वास सुटतो. कुंपणाकडेला भरपूर जागा देऊन लावा. पिवळी गोल फळं विषारी असतात, लहान मुलांपासून जपा.

मुलगी अमेरिकेतून येताना बॅगेत फांदी आणणार आहे. चालेल ना?

नको. परदेशातून रोप, फांदी, बी आणायला आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचा रोगमुक्तीचा दाखला लागतो. २००३चा वनस्पती विलगीकरण आदेश त्यासाठीच आहे. एका फांदीतून आलेली कीड आपल्या शिवारात सुटली तर ती परत पाठवता येत नाही. तिला फोटो काढून आणायला सांगा.

लायलॅकऐवजी काय लावलं तर तसा देखावा मिळेल?

माझं मन खरं तर याच उत्तरात आहे.

पहिली निर्गुडी. कन्नडमध्ये लक्की गिड, नर्सरीत मराठीत विचारून कळलं नाही तर हे नाव सांगा. ओढ्याकाठी, बांधावर ती आपसूक वाढते, म्हणून आपण तिच्याकडे औषध म्हणूनच पाहतो : गुडघ्याला शेक, धान्यात पाला, डासांना धूर. पण श्रावणात तिच्या फांदीच्या टोकाला निळसर जांभळे तुरे उभे राहतात तेव्हा दहा पावलांवरून पाहा. अमेरिकेच्या दक्षिणेत लायलॅक येत नाही म्हणून लोक निर्गुडीचीच सख्खी बहीण लावतात आणि टेक्सासात तिला टेक्सास लायलॅक म्हणतात. म्हणजे ज्या झाडाकडे ते पर्याय म्हणून गेले, त्याची बहीण आपल्या बांधावर उभीच आहे. फेब्रुवारीत गुडघ्याएवढी छाटा, नव्या फुटव्यांवर फुलं येतात. हातभर काडी पावसाळ्याच्या तोंडाला रोवली की जगते. जनावरं तोंड लावत नाहीत. पाऊस सोसते, ताणही सोसते.

दुसरं ताम्हण, कन्नडमध्ये होळे दासवाळ. महाराष्ट्राचं राज्यपुष्प. एप्रिल-मेमध्ये, लायलॅकच्याच सुमारास, जांभळ्या तुऱ्यांनी भरतं. त्याचं नावच सांगतं की ते होळेच्या, म्हणजे नदीच्या काठचं आहे, म्हणून ओल असलेल्या जागी लावा. मोठं झाड होतं, अंगण लहान असेल तर नको.

लहान अंगणाला त्याचीच धाकटी जात घ्या, क्रेप मर्टल. नर्सरीत 'लॅजरस्ट्रोमिया' म्हणून मागा. कुरळ्या झालरीसारख्या पाकळ्या, जांभळा रंग निवडून घ्या. अमेरिकेत तिलाच दक्षिणेचा लायलॅक म्हणतात. जानेवारीअखेर छाटणी, भरपूर ऊन, बस्स.

वेल हवी असेल तर पेट्रिया. पान हाताला पॉलिशपेपरसारखं लागतं. मार्चमध्ये गेटवरच्या कमानीवर निळ्या-जांभळ्या माळा लोंबतात. वास नसतो.

मला रंगापेक्षा वास हवा आहे.

मग ही आनंदाची गोष्ट ऐका. लायलॅक ज्या कुळातला, त्याच कुळातले मोगरा, जाई, जुई, सायली आणि पारिजातक. तुमच्या दारातला मोगरा त्याचा चुलतभाऊ आहे. वास एकसारखा नाही, पण हवेत भरून राहण्याची रीत तीच. पारिजातकाची फुलं पहाटे सड्यावर पडलेली पाहिलेल्या माणसाने लायलॅकवाचून हळहळू नये, असं मला मनापासून वाटतं.

बाजारात लायलॅकचं अत्तर मिळतं. ते फुलांचं असतं का?

नाही. या फुलातून ऊर्ध्वपातनाने सुगंधी तेल नीट निघत नाही. अत्तरातला वास टर्पिनिऑलसारखे घटक जुळवून बनवलेला असतो.

आमच्याकडे पाच वर्षांचं रोप आहे, अजून फूल नाही. काढून टाकू का?

आधी तीन गोष्टी बघा. दिवसाला सहा तास ऊन मिळतं का? युरिया किंवा ताजं शेण पडतं का? गेल्या हिवाळ्यात पाणी तोडलं होतं का? यांतलं काही चुकलं असेल तर यंदाच्या दिवाळीपासून नीट ताण द्या आणि दोन हिवाळे वाट बघा. तरीही पानंच आली, तर हिरवं झुडूप म्हणून राहू द्यायचं की जागा मोकळी करायची, हे घरच्यांना विचारून ठरवा. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त सुभेदारांनी ते ठेवलं आहे. फूल एकदाही आलेलं नाही. शेजारी त्यांनी निर्गुडी लावली आहे, आणि श्रावणात तिचे तुरे लायलॅकच्या पानांवर झुकलेले असतात.